कच्चा टाका, पक्का टाका

ठाण्याला जांभळी नाक्यावरून अस्तराचे चार तागे घेतले, रिक्षात बसले आणि बसताक्षणी कळलं की आपण सीटवर नाही, कशावर तरी बसलोय. लिंबाएवढं, मऊ. घरी येऊन बाथरूममध्ये हात लावून पाहिला. मग हात धुतले आणि पुन्हा मशीनवर बसले, कारण गौरींचे ब्लाउज द्यायचे होते. ही २०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. डॉक्टरकडे गेले ती २०२२ च्या मार्चमध्ये. मधल्या सात महिन्यांत काय केलं विचाराल, तर ब्लाउज शिवले.

नौपाड्यात तळमजल्यावर आमचं घर, पुढच्या खोलीत माझं शिवणकाम. दिवसभर बायका येतात. मापं देता देता सून, गुडघे, साखर, सगळं बोलून होतं. पण अंग बाहेर येतं असं एवढ्या वर्षांत एकीनंही सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पुढे मी तोंड उघडलं तेव्हा त्यातल्याच चौघी म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हालासुद्धा?"

माझा गोंधळ आणखी वेगळा होता. माझी पिशवी २०११ मध्येच काढलेली, गाठी होत्या म्हणून, पोट उघडून. जी नाहीच ती खाली येईल कशी? आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. पिशवी काढली की योनीचं वरचं तोंड शिवून बंद करतात. पिशवीला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या वयानं, बाळंतपणांनी, ओझ्यांनी सैल झाल्या की ते बंद टोकच खाली उतरायला लागतं, आणि त्याच्या पुढच्या अंगाला मूत्राशय असतो, तोही सोबत येतो. मी म्हटलं, "म्हणजे पँटचा खिसा उलटा होऊन बाहेर लोंबतो, तसं?" त्या हसल्या. "अगदी तसंच. आता पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार."

दोन बाळंतपणं, दुसरा मुलगा चार किलोचा, वर चाळीत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवलेली वीस वर्षं. कारणं शोधायला कुठं जावं लागलं नाही.

त्रास कसला, तर सकाळी काही नसायचं. दुपारनंतर ओढल्यासारखं, संध्याकाळी गोळा बाहेर. लघवीला बसलं की अर्धी होऊन थांबायची. बोटानं तो गोळा आत सारला की उरलेली व्हायची. हे लिहायला मला आता काही वाटत नाही, पण तेव्हा ह्यांनाही सांगितलं नव्हतं. ह्यांना वाटायचं मी बाथरूममध्ये मोबाइल बघत बसते.

आधी रिंग बसवली. सिलिकॉनची, बांगडीसारखी, योनीत बसवून गोळ्याला वर धरणारी. तिची मी बदनामी करणार नाही. पहिल्या दिवशी रिंग घालून घरी चालत आले तेव्हा रडूच आलं, इतकं हलकं वाटलं. पुष्कळ बायका आयुष्यभर तिच्यावरच काढतात. मला ती काढून-घालून धुणं जमेना, दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जायचं, आणि दीड वर्षानं आत घासून जखम झाली. मग ऑपरेशनचं बोलणं निघालं.

ऑपरेशनची कल्पना सोपी आहे. जाळीची एक पट्टी घ्यायची, इंग्रजी वाय अक्षरासारखी. तिचे दोन फाटे योनीच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीला जोडायचे आणि शेपूट वर नेऊन कमरेच्या मणक्याखालच्या मोठ्या त्रिकोणी हाडाला, त्याच्या वरच्या कडेला, बांधायची. हे १९६२ पासून पोट उघडून करतात, १९९० नंतर दुर्बिणीतून होऊ लागलं. आणि ठाण्या-मुंबईच्या माणसांना सांगायलाच हवं की गर्भाशय पट्टीनं वर बांधून ठेवायची ऑपरेशनं आपल्याकडच्या डॉ. शिरोडकरांच्या आणि डॉ. पुरंदऱ्यांच्या नावानं जगात शिकवतात. शिरोडकर पट्टी मागे ह्याच हाडाला बांधत, पुरंदरे पुढे पोटाच्या भिंतीला. मूल हवं असलेल्या तरुण मुलींसाठी होती ती. त्यांची पट्टी पॉलिस्टरची. पॉलिस्टर म्हटल्यावर माझे कान टवकारले.

घोडबंदर रोडला एका मोठ्या हॉस्पिटलात पहिल्या सर्जनांकडे गेलो. माणूस चांगला. मी विचारलं, "जाळी हाडाला बांधता कशानं?" ते जरा थबकले. हा प्रश्न त्यांना रोज पडत नसावा. मग त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं. लांब नळीचं पिस्तूल, त्याला टॅकर म्हणतात. घोडा दाबला की टायटॅनियमचं छोटं मळसूत्र जाळीतून हाडावर असलेल्या चिवट, पांढऱ्या पट्ट्यात घुसतं. बॉलपेनमधली स्प्रिंग आखूड कापली तर कशी दिसेल, तसं. "दोन-तीन मारले की झालं, पाच मिनिटांचं काम."

मला आमच्या गल्लीतला सोफावाला आठवला. रेक्झिन ताणायचं आणि गननं खटाखट पिना मारत जायच्या. काम झटपट, दिसायला घट्ट. पण मी त्याच्याकडच्या सोफ्याच्या पिना उचकटलेल्याही बघितल्यात. डॉक्टरांना काही बोलले नाही. घरी मुलीला मात्र म्हटलं, "मला पिना नकोत, टाके हवेत." ती म्हणाली, "आई, तू काय ब्लाउज शिवायला टाकलायस का?"

मुलगी ऐरोलीला कंपनीत आहे. तिनं रात्री बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी घाबरूनच फोन केला. अमेरिकेत जाळी बंद केलीय म्हणे. पुढच्या आठवड्यात तिच्याच ओळखीनं आम्ही दुसऱ्या सर्जनबाईंकडे गेलो, तेव्हा पहिला प्रश्न तिचा हाच. मॅडमनी शांतपणे दोन गोष्टी वेगळ्या केल्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं ज्या जाळ्यांची विक्री थांबवली, त्या योनीतून चीर देऊन, खालून बसवायच्या. पोटातून, वरून बसवायची जाळी त्या बंदीत नाही. "पण म्हणून वरची जाळी निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनांचा सात वर्षं पाठपुरावा केलेली एक अमेरिकी पाहणी २०१३ मध्ये छापली गेली. तीत जाळी किंवा टाका योनीत उघडा पडण्याचा संभव सात वर्षांत १०.५ टक्के निघाला होता. त्यातल्या काही जाळ्या जुन्या जातीच्या होत्या. पण आकडा तुमच्या कानावर असावा, म्हणाल्या. ह्या बाईंवर माझा भरवसा बसला तो इथंच.

मग मी माझा प्रश्न काढला. बांधता कशानं?

त्यांनी खण उघडून तारीख उलटलेली नमुन्याची पाकिटं टेबलावर टाकली. पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात छान अर्ध्या तासांपैकी एक. एकतर जाळी हातात आली. पॉलिप्रॉपिलीनची, सिमेंटच्या पांढऱ्या गोणीचं प्लॅस्टिक तेच, पण विणलेली आणि मोठ्या भोकांची. मच्छरदाणीपेक्षा मऊ. मग धागे. एक गुंफलेला पॉलिस्टर, हिरवा, माझ्या मशीनवरच्या धाग्याचा मोठा भाऊ. एक निळी तंगूस, एकाच तारेची, तीही कधी न विरघळणारी. आणि एक जांभळी तंगूस, ती काही आठवडे ताकद धरते आणि साधारण सहा महिन्यांत शरीरात जिरून जाते. तिला पीडीएस म्हणतात.

मी अर्थातच हिरवा उचलला. गाठ चांगली बसणारा, न सरकणारा धागा कुठलाही शिंपी हातानं ओळखतो. मॅडम म्हणाल्या, "हाडाशी चालेल. योनीला नाही." का? कारण गुंफलेल्या धाग्याच्या पेडांमध्ये जंतू दडून बसतात आणि योनी काही निर्जंतुक जागा नाही. भिंत पातळ, पलीकडे लगेच पोकळी. टाका जरा खोल गेला की धागा आत डोकावायला लागतो, मग स्राव, रक्त, आणि तो टाका काढायला पुन्हा टेबलावर. एका तारेच्या धाग्यात दडायला जागा कमी.

"मग योनीला निळी तंगूस लावा. विरघळणारा धागा नको. सहा महिन्यांनी विरघळला की जाळी सुटेल ना!"

इथं त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झाले. जाळीला भोकं ठेवलेली असतात ती उगीच नाही. त्या भोकांतून माझंच शरीर वाढत जाणार, काही आठवड्यांत जाळी आणि भिंत एकजीव होणार. टाक्यानं धरायचं ते तोवर. पुढे धरून ठेवणारं मांस माझं, धागा नव्हे. अमेरिकेत बायकांच्या दोन गटांना योनीकडे दोन तऱ्हेचे धागे घालून, न विरघळणारे आणि विरघळणारे, तुलना केली गेली. वर्षानंतर जाळी उघडी पडण्यात ठळक फरक आढळला नाही आणि विरघळणाऱ्यांची जाळी सुटलीही नाही.

म्हणजे कच्चा टाका! एवढी वर्षं मी कच्चे टाके घालून पक्की शिलाई झाली की ते उसवत आले. कच्च्या टाक्याला कोणी मजबुतीचे गुण देत नाही. तो जागेवर धरतो आणि निघून जातो. मी अर्धा तास सगळ्यात मजबूत काय ते शोधत होते, आणि खरा प्रश्न होता कुठे कच्चं आणि कुठे पक्कं.

चिकटवणंही असतं. फेविक्विकच्याच कुळातला, शरीरासाठी केलेला गोंद जाळी आणि योनीच्या मध्ये थेंब थेंब टाकायचा. भोसकणं नाही, वेळ वाचतो. फ्रान्समध्ये काही सर्जन वापरतात. मला कॉलरमधलं पेस्टिंगचं बक्रम आठवलं. पहिल्या दहा धुण्यांत सुरेख, नंतर फुगे येतात. मॅडम म्हणाल्या तुलना बरोबर नाही, कारण इथंही गोंदानं थोडेच दिवस धरायचंय. पण खूप वर्षांचे अनुभव टाक्याइतके जमा नाहीत म्हणून त्या वापरत नाहीत. ठीक. माझं बक्रमाबद्दलचं मत कायम आहे.

राहिला टॅकर. योनीकडे तो नकोच, टोक बोचतं, नवऱ्यालाही. हाडाशी मात्र त्या त्याला वाईट म्हणाल्या नाहीत. दुर्बिणीतून सुई फिरवणं हा वेगळा सराव आहे. ज्याचा हात त्यात बसलेला नाही त्यानं तासभर झगडण्यापेक्षा टॅकर मारावा, भुलीचा वेळ तरी वाचतो. अडचण अशी की मळसूत्र किती खोल जाणार हे कारखान्यात ठरलेलं, साधारण चार मिलिमीटर. हाडावरचा पांढरा पट्टा एक-दोन मिलिमीटरचा. त्या कडेच्या किंचित वर शेवटच्या मणक्याची गादी आहे. दुर्बिणीत तीच पुढे आलेली दिसते आणि तिलाच हाडाची कड समजायची चूक होते. गादीत जंतू गेले तर महिन्या-दोन महिन्यांनी कंबरदुखी, ताप, आणि फार वाईट प्रकरण. क्वचित होतं. "आणि सुईनं होत नाही असं मी म्हणणार नाही. पण सुई किती खोल घ्यायची ते माझ्या हातात असतं." शिवाय डाव्या अंगाला मोठी नीला, उजवीकडे मूत्रनलिका. ती जागा म्हणजे शनिवार संध्याकाळचा गोखले रोडच.

पहिल्या हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात टॅकरची ओळ वेगळी होती आणि आकडा माझ्या नव्या ओव्हरलॉक मशीनच्या जवळपास होता. मेडिक्लेमवाले त्या ओळीबद्दल काही धड सांगेनात. निर्णयात ह्याचाही वाटा होता, उगीच कशाला लपवू.

तारीख दिवाळीनंतरची धरली होती, पण तीन महिन्यांची साखर ८.४ निघाली. मॅडमनी सरळ परत पाठवलं. साखर वाढलेली असताना जाळी घालणार नाही म्हणाल्या. बरंच झालं. तुळशीचं लग्न झालं की लोकांची लग्नं सुरू होतात, तेव्हा मी आडवी होणं परवडलं नसतं. पौषात लग्नं नाहीत. २०२४ च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा ठरला. तोवर भात सोडला, तलावपाळीला रोज दोन फेऱ्या, आणि योनीची त्वचा जाड व्हावी म्हणून हार्मोनचं मलम. साखर ७.१ वर आली.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मला सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण मी झोपले होते. जागी झाले तेव्हा पोट दुखत नव्हतं, उजवा खांदा दुखत होता. नर्स म्हणाली, पोटात भरलेल्या गॅसचं ते, दोन दिवस राहील. चेहरा सुजलेला, कारण तीन तास डोकं खाली आणि पाय वर. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी निघाली. त्यानंतर मी बोट न लावता, न थांबता लघवी केली आणि आत बसूनच मुलीला हाक मारून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी घरी जाताना मॅडमनी व्हिडिओ दाखवला. मीच मागितला होता. ह्यांनी दोन मिनिटं बघितला आणि चहा प्यायला गेले.

मी सगळा बघितला. पिवळी चरबी, तिच्यातून उघडं केलेलं ते हाड, आणि त्यावरचा पांढरा पट्टा, साटीनसारखा चमकणारा. बाजूला निळसर शीर फुगत-बसत होती. वाकडी सुई चिमट्यात आली, पट्ट्यात तिरकी, उथळ शिरली आणि बाहेर येताना रक्ताचा एक थेंब आला. हात थांबला. चिमट्यानं दाबून धरलं. व्हिडिओत जवळजवळ दोन मिनिटं काहीच होत नाही, फक्त दाबलेला कापसाचा बोळा. माझ्याच पोटातलं बघत होते आणि श्वास मीच धरलेला. मग बोळा काढला, कोरडं होतं. दोन टाके, हिरवे, पक्के. प्रत्येकी सहा गाठी मोजल्या. योनीवर पुढे-मागे जांभळे. मॅडमना म्हटलं, "गाठींची शेपटं जरा लांब ठेवलीत." त्या म्हणाल्या, "जवळ कापली तर सुटतात, काकू." हे मला माहीत असायला हवं होतं.

दोन गोष्टी फार आवडल्या. एक, जाळी ताणून बांधली नाही. सैल पडू दिली, मग शेपूट कापलं. ताण दिला तर खालची लघवीची शिस्त बिघडते, दुखतंही. आम्ही त्याला माया ठेवणं म्हणतो. दुसरं, शेवटी पोटाच्या आतला पातळ पडदा जाळीवर ओढून शिवला, काटेरी धाग्यानं, ज्याला गाठच लागत नाही. आतडं जाळीला चिकटू नये म्हणून. म्हणजे अस्तर. तो काटेरी धागा बाजारात मिळत असता तर मी गठ्ठ्यानं घेतला असता.

सहा आठवडे बादली नाही, कुकर नाही, पोट साफ राहावं म्हणून रोज इसबगोल, आणि नवरा-बायकोचं काही नाही. हे मॅडमनी ह्यांना समोर बसवून सांगितलं. हे पंख्याकडे बघत होते. काळजी कसली घ्यायची तर तापासकट कंबरदुखीची. आणि नेमकी पाचव्या आठवड्यात कंबर धरली. मला घामच फुटला. गादी, जंतू, सगळं डोळ्यापुढे. रात्री तीनदा ताप मोजला, ९८.२. सकाळी रक्त तपासलं, सूज दाखवणारे आकडे नीट. मॅडमनी कंबर दाबून बघितली आणि विचारलं, "मशीनवर बसलात?" मी म्हटलं, "थोडंसं." मुलगी म्हणाली, "तिसऱ्या आठवड्यापासून, रोज चार तास. शेजारच्या काकूंनी सांगितलं." कंबर त्यानंच धरली होती. एमआरआय लागला नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. पूर्वी गोळ्यामुळे लघवीची वाट मुडपलेली असायची. आता वाट सरळ झाली, तर शिंकताना थेंब सुटतो. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं, खोकायला लावून तपासलंही होतं, तेव्हा नव्हतं. व्यायाम देतात, आकुंचन करून दहा मोजायचं. मी हूक लावताना करते. निम्मं कमी झालंय. वर्षाच्या तपासणीत जाळी जागेवर, कुठे उघडी नाही. जांभळे टाके तोवर जिरून गेलेले.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून वन्सं आल्या. आल्या त्या दिवाळसणाच्या साडीवरचा ब्लाउज उसवून घ्यायला, असं निमित्त. दुपारी हे झोपल्यावर स्टुलावर बसल्या, आणि कशा बसल्या ते बघूनच मला कळलं. एका कुशीवर, अर्ध्या. मी मशीन थांबवलं.

"कधीपासून?"

"वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

बटणांच्या डब्यात, प्रेस बटणांच्या पुडीखाली, मॅडमनी दिलेला जाळीच्या नमुन्याचा तुकडा मी ठेवलाय. तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उजेडाकडे धरला, दोन बोटांत चोळला, ताणून बघितला. "मऊ आहे की," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "पण हे आत राहतं कसं? शिवतात?"

मी स्टूल जवळ ओढलं.